वह्या नकोत, मावळे हवेत

दिवाळीला तीन आठवडे उरले की आमच्या कार्यालयात दुपारच्या डब्याला वर्गणीचा विषय निघतो. शहराबाहेरच्या एका बालगृहातल्या मुलांना सणाला भेटी द्यायच्या, ही आमची अकरा वर्षांची रीत. पहिल्या वर्षी सतरा जण होतो, यंदा साठाच्या वर आहोत. बालगृहाकडून चिठ्ठ्या येतात. त्यांवर नाव नसतं. क्रमांक, वय, मुलगा की मुलगी आणि काय हवंय, एवढंच. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल त्यानं ती वस्तू नवी विकत आणायची, सातशे रुपयांच्या आत. यंदा नऊ वर्षांच्या एका मुलाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘किल्ल्यावरचे मावळे. महाराज आहेत, मावळे नाहीत.’

ती चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी अस्वस्थ झाले. “मातीची चित्रं आठ दिवसांत फुटून जातील,” ते म्हणाले. “तेवढ्या पैशांत त्या पोराला वर्षाच्या वह्या येतात. गरजूंना गरजेचं द्यावं. लाड करायला आपण कोण?” दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं म्हणणं दोन पानांत लिहून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवलं. टिपण मनापासून लिहिलेलं आहे. दरवर्षी सगळ्यांत जास्त पैसे तेच देतात आणि कधी कुणाला सांगत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच त्यांच्या टिपणाला नुसती मान डोलावून बाजूला ठेवणं मला बरं वाटत नाही. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि ते अनेक चांगल्या माणसांच्या मनात असतं, म्हणून हा प्रतिवाद.

वह्यांपासूनच सुरुवात करते. वही ही त्या मुलाला द्यायची भेट आहे का? सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळण्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याआधी राज्यघटनेत २१-अ हे कलम घालून शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. सरकारी शाळेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. पुस्तकांनाच वहीची कोरी पानं जोडायचा प्रयोगही आपल्या राज्यानं २०२३ साली करून पाहिला. गरीब मुलांवरचा वह्यांचा खर्च वाचावा, दप्तर हलकं व्हावं, असं त्यामागचं म्हणणं होतं. २०२५ मध्ये तो बंदही झाला. प्रयोग फसला की साधला हा वेगळा विषय. पण मुलाच्या हातात वही असणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे तेव्हा सरकारनंच मान्य केलं होतं.

मग तीच वही मी रंगीत कागदात गुंडाळून, वर रिबीन लावून त्या मुलाला दिवाळीत दिली, तर त्याला काय कळतं? आपलं शिकणं या काकूंच्या दयेवर चाललंय, हे कळतं. जी गोष्ट त्यानं हक्कानं मागायची, तिच्यासाठी त्याला ‘थँक्यू’ म्हणायला लावलं जातं. माझ्या सहकाऱ्यांना असं काही शिकवायचं नाही, मला माहीत आहे. पण ज्याला दुसरं काही मिळत नाही, त्या मुलाला ‘गरजेच्या’ भेटीतून हेच शिकायला मिळतं.

वह्या देऊच नयेत असं मी म्हणत नाही. बालगृहाला अनुदान उशिरा येतं, मुलं मध्येच शाळा बदलून येतात, वह्या कमी पडतात. तेव्हा जरूर द्याव्यात. जूनमध्ये द्याव्यात, संस्थेच्या नावानं द्याव्यात, पावती घ्यावी आणि मुलाला त्या कुठून आल्या हे कळूही नये. आपल्याकडे याची जुनी चाल आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे हिंगण्याला संस्था वाढली, आणि त्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करायची पद्धत रुजली. आमच्या आजीच्या घरी दिवाळीनंतर त्या निधीच्या बाई आल्या की त्यांना पाट मांडला जाई. पैसे संस्थेला जात. त्यांतून कुठल्या मुलीची फी भरली गेली, कुणाच्या जेवणाचं भागलं, हे आजीला कधी कळलं नाही आणि तिनं ते कधी विचारलंही नाही. त्या निधीला नाव मात्र भाऊबिजेचं होतं. देणारा भाऊ झाला होता, उपकारकर्ता नव्हे. गरज भागवायची ती अशी. सणाची भेट ही तिच्याशेजारची, पण निराळी गोष्ट आहे.

आता मावळ्यांकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

बालगृहात राहणं म्हणजे काय, हे बाहेरून जाणाऱ्याला पटकन दिसत नाही. स्वच्छ आवार असतं, भिंतीवर सुविचार असतात, मुलं रांगेत ‘नमस्ते’ म्हणतात. मला ते हळूहळू दिसू लागलं. तिथे सगळं मोजून येतं. साठ ताटं, साठ पंचे, एकाच रंगाची साठ स्वेटरं. कपड्यांवर आतल्या बाजूला क्रमांक टाकलेला. काही चांगल्या ठिकाणी प्रत्येकाला एक पत्र्याची पेटी असते आणि तिला कुलूप असतं. त्या पेटीत मुलं काय ठेवतात, हे एकदा तिथल्या ताईंनी मला सांगितलं होतं: चॉकलेटचे चंदेरी कागद, एका पायातलं पैंजण, लग्नपत्रिकेवरचा गणपती, बसचं तिकीट. मूल आपलं म्हणायला काहीतरी शोधतं आणि सापडलेलं जपतं.

या मुलांच्या गरजा भागवणारे पुष्कळ आहेत: सरकार आहे, संस्था आहे, देणगीदार आहेत. त्यांचा हट्ट पुरवणारं कुणी नाही. घरातल्या मुलाला हे इतकं सहज मिळतं की आपल्याला ते मिळणं आहे असंही वाटत नाही. बाजारातून जाताना मूल रस्त्यात बसकण मारतं, ‘मला तोच हवा’ म्हणतं. आई रागावते, दोन पावलं पुढे जाते, परत येते आणि कधी घेऊन देते, कधी देत नाही. दिला नाही तरी त्या पोराला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की मला काय हवंय हे या बाईला माहीत आहे. बालगृहातलं मूल कुणापुढे बसकण मारणार?

आमच्या चिठ्ठ्यांमध्ये दरवर्षी पाच-सहा अशा असतात ज्यांवर एवढंच लिहिलेलं असतं: ‘काहीही चालेल.’ सुरुवातीला मला वाटायचं, किती समजूतदार मूल आहे. ताईंनी माझा तो गैरसमज दूर केला. बहुतेकदा असं लिहिणारी मुलं सगळ्यांत जास्त वर्षं संस्थांमधून फिरलेली असतात. मागितलं आणि आलं, असा अनुभव त्यांना नसतो, म्हणून ती मागणंच सोडून देतात. एका मुलीनं पहिल्या वर्षी ‘काहीही’ लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, ‘बांगड्या’. तिसऱ्या वर्षी चिठ्ठी आली: ‘हिरव्या काचेच्या बांगड्या, सव्वादोनच्या, मध्ये सोनेरी ठिपका असलेल्या.’ ती चिठ्ठी वाचून आमच्या लेखा विभागातल्या बाई रडल्या होत्या. मी रडले नाही, पण ती चिठ्ठी जपून ठेवली आहे. त्या मुलीला जगाला स्वतःचं माप सांगता यायला तीन वर्षं लागली. तिच्या हातात पहिल्याच वर्षी आम्ही वह्यांचा गठ्ठा दिला असता, तर दुसऱ्या वर्षीही तिनं ‘काहीही’च लिहिलं असतं.

माप न विचारता दिलं की काय होतं, ते आपण राज्यभर पाहिलेलं आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सगळ्या सरकारी शाळांना एकसारखा गणवेश एकाच ठिकाणाहून कापड घेऊन द्यायचं ठरलं. गणवेश उशिरा पोचले, अनेक ठिकाणी पोरांच्या अंगाला आलेच नाहीत. कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. गणवेशासारख्या रोकड्या गरजेतही मुलाला समोर उभं करून टेप लावावी लागते. मग आनंदाची वस्तू आपण आपल्या मनानं कशी ठरवणार?

माझ्या सहकाऱ्यांच्या टिपणात एक वाक्य आहे: ‘खेळणंच द्यायचं तर निदान बुद्धीला चालना देणारं द्यावं.’ इथे मला मोहात पडायचं नाही. मावळे मांडताना मुलाला इतिहास कळतो, चढ-उतार कळतात, हाताला वळण लागतं, असं पुष्कळ मांडता येईल. ते खोटंही नाही. पण मी ते मांडणार नाही, कारण श्रीमंताच्या मुलाच्या खेळण्याला असं प्रमाणपत्र आपण मागत नाही. गरिबाच्या मुलानं खेळतानाही प्रगती दाखवली पाहिजे, ही अट मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारतानं ११ डिसेंबर १९९२ रोजी संमती दिली. तिच्या ३१व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटलेला आहे. त्या कलमात ‘उपयोगी खेळ’ असं लिहिलेलं नाही.

संहितेच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे ओळखलेल्या बायका होऊन गेल्या. ताराबाई मोडकांनी १९४५च्या सुमारास बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. समोर होती वारली पाड्यांवरची मुलं. अर्धपोटी, उघडी, गुरांमागे जाणारी. या मुलांना आधी अन्न द्या, मग खेळाचं बघू, असं म्हणणं तेव्हा किती सोपं होतं! त्यांनी मुलांना न्हाऊ घातलं, खाऊ घातलं आणि त्याच दिवशी खेळूही दिलं. बिया, शंख-शिंपले, पानं, काटक्या, मातीचे गोळे यांतून साहित्य उभं केलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आज देशभर बोलला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामाशी जोडलेला आहे. भुकेल्या मुलालाही खेळ लागतो, हे त्यांनी व्याख्यान देऊन सांगितलं नाही, करून दाखवलं.

आणि किल्ला! मराठी घरात वाढलेल्या कुणालाही किल्ल्याबद्दल समजवावं लागू नये. सहामाही परीक्षा संपल्या की मुलं दगड-विटा गोळा करतात, पोत्याचा तुकडा चिखलात भिजवून त्यावर थापतात, अळीव पेरतात आणि हिरवळ कधी उगवते म्हणून रोज सकाळी जाऊन बघतात. दारात तोफ, बुरुजावर पहारेकरी, पायथ्याशी विहीर, वर सिंहासनावर महाराज. आणि मग मावळे. मावळ्यांशिवाय किल्ला म्हणजे रिकामा वाडा. बालगृहातल्या त्या मुलाकडे महाराज आहेत. कुणीतरी मागच्या वर्षी ठेवून गेलं असेल. तो एकटा राजा त्याला बघवत नाही. या मागणीला ‘लाड’ म्हणून बाजूला सारायला मन धजतं कसं, हे मला समजलं नाही. कुंभारवाड्यात जाऊन मी भाव विचारून आले. बारा मावळे, दोन तोफा आणि एक भालदार चारशेच्या आत बसतात. ते आठ दिवसांत फुटतील, खरं आहे. दिवाळीही पाच दिवसांत संपते.

टिपणात अर्थशास्त्राचा दाखला आहे, आणि तो तोलामोलाचा आहे. जोएल वाल्डफोगल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. आपल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं: मिळालेल्या भेटीची तुमच्या लेखी किंमत किती? उत्तरांवरून त्यानं हिशेब मांडला की भेटीवर खर्च झालेल्या रकमेचा दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा एवढं मूल्य वाया जातं. म्हणून रोख पैसे दिलेले बरे, असा निष्कर्ष माझ्या सहकाऱ्यांनी काढला आहे. पण त्याच निबंधात पुढे आणखी काही आहे. जवळच्या मित्र-मैत्रिणींनी दिलेल्या भेटींत नुकसान कमी होतं आणि लांबच्या नातलगांनी दिलेल्यांत जास्त. देणाऱ्याला घेणाऱ्याची आवड जितकी कमी ठाऊक, तितका पैसा वाया. आम्ही तर त्या मुलांच्या लांबच्या नातलगांहूनही लांबचे. तेव्हा या निबंधातून निघणारा धडा एकच: स्वतःच्या मनानं वह्या घेऊन जाऊ नका, आधी विचारा.

‘मुलांकडून याद्या मागवायच्या हे परदेशी खूळ’ असाही एक शेरा आहे. याद्यांची पद्धत अमेरिकेत रुजली हे खरं. १९७९ साली व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी साल्वेशन आर्मीच्या एका अधिकारी दांपत्यानं मुलांच्या इच्छा देवदूताचं चित्र असलेल्या कार्डांवर लिहून बाजारसंकुलातल्या नाताळच्या झाडाला लावल्या. तिथून तो प्रकार देशभर गेला, आणि तिथल्या कचेऱ्यांमधले मराठी लोकही डिसेंबरात अशी कार्डं उचलतात. पण काय हवं ते विचारून आणायचं, हे का परदेशी आहे? भाऊबिजेला येण्याआधी भाऊ बहिणीला ‘काय आणू?’ म्हणून विचारतोच की.

आता त्यांचा जो आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, तो. ते लिहितात, ‘हे सगळं फोटोसाठी चालतं.’ पुष्कळ ठिकाणी चालतं. मी आधी ज्या ठिकाणी नोकरी करत होते, तिथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात खोका दिला गेला. फोटो हलला. साहेबांनी हसत हसत खोका त्याच्या हातातून परत घेतला आणि पुन्हा दिला. दुसऱ्या वेळी त्या मुलानं हात लगेच पुढे केला नाही. त्यानं आधी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. कॅमेरा माझ्या हातात होता, आणि मी तो फोटो काढला. पुढे तो एका माहितीपत्रकावर छापला गेला. त्या मुलाची नजर मला अजून दिसते.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७४व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दर दिवाळीत किती कचेऱ्या आपला फलक धरून, मागे मुलांना उभं करून हा गुन्हा हसतमुखानं करतात! म्हणून आमच्या चिठ्ठ्यांवर नावं नसतात आणि आम्ही फोटो काढत नाही. एवढंच नव्हे, गेली सहा वर्षं आम्ही तिथे जातही नाही. पूर्वी जायचो, गाणी म्हणायचो, मुलं गळ्यात पडायची, दोन तासांनी गाडीत बसायचो. मग ताईंनी एकदा सांगितलं की तुम्ही गेल्यावर लहान मुलं दोन-तीन दिवस फाटकाशी जाऊन बसतात. आता दोघं जण खोकी पोचवून येतात. पाडव्याच्या सकाळी ताई प्रत्येकाला त्याची वस्तू देतात, आणि कागद फाडताना मुलाच्या समोर त्याच्या रोजच्या माणसाचा चेहरा असतो. आमच्यातल्या काहींना हे आवडलं नाही. ‘मग आपल्याला काय समाधान?’ असं एकानं विचारलं होतं. त्याचं समाधान करणं हे बालगृहाचं काम नाही, असं मी म्हणाले, आणि ते मी आजही तसंच म्हणेन.

तर फोटोचा रोग आहे, हे मान्य. पण त्यावर माझ्या सहकाऱ्यांनी सुचवलेला उपाय मुलांनाच भोगावा लागतो. देणारे मिरवतात म्हणून मुलांनी मावळे सोडायचे, हा कुठला न्याय?

टिपणाच्या शेवटी ते म्हणतात, की असल्या भेटींनी सरकारची जबाबदारी झाकली जाते. त्यापेक्षा सरकारला जाब विचारावा. विचारावाच. आणि काय विचारावं तेही माहीत असावं. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. अनेकांना आई असते, बाप असतो, मोठी बहीण असते. घरात खायला नाही, आई धुण्याभांड्याला दिवसभर बाहेर, बाप गेला, कोयत्याच्या हंगामात आईबाप उसाच्या फडावर गेले, म्हणून मूल संस्थेत येतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, असं त्याच २०१५च्या कायद्याच्या तत्त्वांमध्ये लिहिलं आहे. मूल घरीच, नात्यातच वाढावं म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम महिना १,१०० रुपये होती, ती २०२३ मध्ये २,२५० झाली. दिवसाला पंचाहत्तर रुपये. यात वाढत्या मुलाचं काय काय भागतं, हा प्रश्न आमदाराला विचारायला हवा, पत्रानं विचारायला हवा, दर महिन्याला विचारायला हवा. ते पत्र लिहून माझ्या सहकाऱ्यांनी आणलं तर पहिली सही माझी असेल. पण मावळे विकत घेतल्यानं तो प्रश्न विचारायची माझी जीभ लुळी पडत नाही. उलट वह्या दिल्यानं पडते, कारण सरकारनं द्यायचं ते मी देऊन मोकळी होते. जबाबदारी झाकली जाण्याची इतकी चिंता असेल, तर ती त्यांच्या वह्यांच्या सूचनेबद्दल वाटायला हवी.

एक तक्रार मात्र मला टिपणात सापडली नाही, आणि ती करायला हवी होती. आम्ही सगळे लहान मुलांच्या चिठ्ठ्या आधी उचलतो. सहा वर्षांच्या मुलीची बाहुली, आठ वर्षांच्या मुलाची गाडी दहा मिनिटांत संपतात. चौदा ते सतरा वयाच्या चिठ्ठ्या टेबलावर पडून राहतात. त्यांत काय असतं? फेसवॉश. दुकानातल्या पुतळीनं घातलीय तसली चांगली ब्रा, मापासकट. हेअरबँड. दाढीचं सामान, पहिलंच. क्रिकेटचे हातमोजे आणि कंसात ‘डावखुरा आहे’. ही मुलं गोंडस दिसत नाहीत, त्यांना आमची गरज आहे असं ती दाखवत नाहीत, आणि सणाला त्यांना मिळतो तो सोनपापडीचा तिसरा डबा, कारण दिवाळीच्या आठवड्यात तीन-तीन मंडळं फराळ घेऊन येतात. दोन वर्षांमागे एका मुलाची चिठ्ठी होती: ‘चेनची मोठी बॅग. मार्चमध्ये अठरा पूर्ण होतात.’ अठराव्या वर्षी बालगृह सोडावं लागतं. नशीब असेल तर अनुरक्षण गृहात जागा मिळते, एकवीसपर्यंत. तो मुलगा जाण्याची तयारी करत होता आणि पिशवीत सामान कोंबून जायची त्याची इच्छा नव्हती. त्याची बॅग सातशेत बसेना. आम्ही चौघांनी मिळून घेतली, चाकांची.

ही बॅग गरज की लाड? मला सांगता येणार नाही. माझ्या सहकाऱ्यांनाही येणार नाही, असं वाटतं. आणि म्हणून ते ठरवायचं काम ज्याची बॅग त्याच्याकडेच असावं.

यंदाच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी अकरा वर्षांच्या मुलीची आहे. तिला रिमोटवर चालणारी गाडी हवी आहे, लाल. खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे: ‘माझ्यासाठी नाही. भावाला द्यायची आहे. तो दुसऱ्या बालगृहात आहे. भाऊबिजेला ताई मला नेणार आहेत.’ मुलींची आणि मुलांची बालगृहं बहुतेकदा वेगळी असतात. ही भावंडं वर्षातून एक-दोनदाच भेटतात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून नेतो, आणि ते वाचताना महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याकडे साठवायला खाऊचे पैसे तरी होते. या मुलीकडे कुणाला काही द्यायचं तर आमच्या चिठ्ठीशिवाय दुसरा मार्ग नाही. टिपणातल्या नियमानं हिला आम्ही काय द्यायचं? वह्या? त्या ती भावाला नेऊन देईल?

ती चिठ्ठी मी टिपण लिहिणाऱ्या सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली होती. संध्याकाळी निघताना पाहिलं, तर ती तिथे नव्हती आणि माझ्या टेबलावर त्यांच्या अक्षरातला एक कागद होता: ‘गाडीला सेल वेगळे लागतात का? किती?’

चार लागतात, मी खाली लिहिलं. दोन रिमोटलाही.